हिरव्या शाईचं पत्र

छापखान्यात तिला सगळे वेलांटीताई म्हणत. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ पडली तरी मजकूर तिच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. यंत्रावरचा कारागीर म्हणायचा, "ताईंच्या हाती लग्नाची पत्रिका दिली तर लग्न लांबेल, पण चूक राहणार नाही!"

तीस वर्षं प्रुफं वाचता वाचता तिला शब्दांबरोबर माणसंही तपासायची सवय लागली होती. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर वाचकांचं मंडळ बसायचं. एक गुरुवार जुन्या कादंबरीचा, पुढचा नव्या कादंबरीचा. बाकीचे "आवडली", "रटाळ आहे" यावर थांबत. ताई विचारायची, "हे माणूस बोलतंय ते राहू द्या. काय बोलायचं टाळतंय?"

एकदा एका जुन्या कादंबरीतल्या खाष्ट सासूवर सगळे तुटून पडले होते. ताई म्हणाली, "साडेतीनशे पानांत ती एकदाही बसून जेवत नाही. जिला घरात कुणी 'बस' म्हटलं नाही, ती दुसरीला कशी म्हणेल?" त्या दिवशी जिना उतरताना बाईंनी तिचा हात धरला. "तुझे डोळे मला उसने दे गं," म्हणाल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. दोन कादंबऱ्या नावावर होत्या आणि मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेव्हापासून अकरा वर्षं दोघींचं मेतकूट होतं.

मग एका गुरुवारी एक नवी कादंबरी चर्चेला निघाली. तिच्यातली मुलगी मैत्रिणीवर खोटा आळ घेते आणि जन्मभर गप्प बसते. सगळ्यांनी तिला नालायक ठरवून टाकलं. ताईने तोंड उघडलं नाही.

खाली अंगणातल्या बाकावर बाईंनी विचारलं, "आज तू काय बोलायचं टाळलंस?"

तिचाच प्रश्न तिच्यावर उलटला. इतक्या वर्षांचा बांध फुटला.

घरात आई नव्हती, वडील अंथरुणाला खिळलेले. थोरली बहीण, अक्का, त्यांचं सगळं करायची. धाकटी, म्हणजे ताई, कॉलेजात जायची. मागच्या घरात एक मोजणीदार राहायला आला आणि त्याचं-अक्काचं जमलं. त्याची दूर बदली झाली. "तिकडे बस्तान बसलं की पत्र पाठवतो," असं सांगून तो गेला. पत्र आलं ते धाकटीच्या हाती पडलं. अर्ध्यापर्यंत वाचून तिच्या पायाखालची जमीन सरकली. अक्का गेली तर वडिलांपाशी कोण बसणार? तिने मोरीपाशी उभं राहून पत्र फाडलं. अक्काने दोन वर्षं पोस्टमनची वाट पाहिली, मग तेही सोडलं. वडील गेले. दोघी बहिणी एका छपराखाली म्हाताऱ्या झाल्या.

"मला माझी पुस्तकं हवी होती," ताई म्हणाली.

बाई पाठीवरून हात फिरवत होत्या. "केवढं होतं गं पत्र? शाई कुठली?" इतक्या मायेने कुणी कधी विचारलं नव्हतं. ताईने सगळं सांगितलं.

"हे माझ्यापाशीच राहील," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी बाईंची तिसरी कादंबरी छापखान्यात आली. ताई लाल पेन घेऊन बसली आणि एकशे बाराव्या पानावर तिचा हात थांबला. दोन बहिणी. आजारी बाप. मोजणीदाराच्या जागी पूल बांधणारा इंजिनिअर आला होता. बाकी हिरवी शाई तीच, मोरी तीच, आणि 'मला माझी पुस्तकं हवी होती' हे वाक्य जसंच्या तसं तिचंच. अक्षरजुळणीत पत्राला काना लागला होता: 'तिने पात्र फाडून टाकले.' डोळ्यांत पाणी असतानाही तिने काना खोडला. हाताला वळण होतं.

तिने कादंबरी शेवटपर्यंत वाचली, नेहमीसारखी, पात्राच्या मागे मागे जात. पुस्तकातली धाकटी आतल्या गाठीची होती. पत्र फाडून ती गाढ झोपते. दोनशे पानांत तिला एकदाही लाज वाटत नाही. चोरी तर झालीच होती, वर चोरलेलं माणूस नीट वाचलंही नव्हतं.

ती तडक बाईंकडे गेली.

"अगं, ते पात्र आहे. तू नव्हेस," बाई चहा ओतत म्हणाल्या.

"मग शाई निळी करा."

"हिरव्या शाईनेच ते पान जिवंत झालंय. तूच म्हणतेस ना, तपशिलात माणूस सापडतो?"

"अक्का तुमची एकही ओळ सोडत नाही, बाई. तुम्ही शब्द दिला होता."

"मी नाव कुठे घेतलंय कुणाचं?"

चहा तसाच ठेवून ताई उठली. दुसऱ्या दिवशी तिने तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. शेवटच्या प्रुफात 'हिरव्या'वर काट मारून 'निळ्या' लिहिलं. प्रूफ बाईंकडून परत आलं तेव्हा समासात त्यांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: मूळ शब्द कायम ठेवावा. मालकांनी तिला बोलावलं. "ताई, लेखकाचे शब्द बदलायला लागलात?" तिने 'निळ्या' खोडून 'हिरव्या' परत लिहिलं.

पुस्तक बाहेर यायच्या आत अक्काला सांगून टाकायचं, असं ठरवून ती तीनदा घरी गेली. तिन्ही वेळा भाजी काय करायची एवढंच विचारलं.

अक्काने पुस्तक तीन दिवसांत वाचून काढलं. गुरुवारी म्हणाली, "मीही येते." एरवी ती माडीवर फारशी यायची नाही.

मंडळाने पुस्तकातल्या धाकटीला धारेवर धरलं. कुणी म्हणालं, दगडाच्या काळजाची. बाई समजावून सांगत होत्या, "काही माणसं मुळातच तशी असतात." ताई गुडघ्यांवर हात दाबून ऐकत होती.

"एक विचारू?" अक्का म्हणाली. "पुलाच्या इंजिनिअरने हिरवी शाई का वापरली?"

"असंच, सुचलं," बाई हसल्या.

"नकाशावर झाडं दाखवायला लागते हिरवी शाई. ती मोजणीदाराच्या दौतीत असते." अक्काने बाईंकडे पाहिलंच नाही. ती बहिणीकडे पाहत होती.

दोघी घरी आल्या. अक्काने चपला काढल्या, खुर्ची ओढून बसली.

"मजकूर सांग."

"अक्का, मी…"

"पुस्तकात मजकूर नाही. तुला पाठ असणार. एक शब्दही गाळू नकोस."

ताईने उभ्याउभ्याच सांगितलं. घराला दोन खिडक्या आहेत. पाणी दारात आहे. तुझ्या होकाराची वाट पाहतो. आणि मग ते, जे तिने बाकावर बाईंनाही सांगितलं नव्हतं. फाडल्यावर तिने तुकडे गोळा करून जुळवले होते आणि उरलेलं अर्धं वाचलं होतं. 'वडिलांनाही घेऊन ये, खोली मोठी आहे. धाकटीच्या कॉलेजचंही इथे बघता येईल.'

"जुळवलं होतंस, तर दिलं का नाहीस?"

"फाटलेलं कसं देऊ? घाबरले होते मी."

"फाटकं चाललं असतं मला," अक्का म्हणाली.

तिने त्याच दिवशी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. दुसरं घर दोघींनाही नव्हतं. भाजी, औषध, दाराची कडी, एवढ्यापुरतं बोलणं उरलं. ताईने माडीवर जाणं सोडलं. बाईंनी शब्द मोडला त्याचा राग तिला रोज यायचा, आणि तो राग बाईंपाशी थांबायचा नाही, फिरून तिच्याचकडे यायचा. अक्काचा विश्वास आधी कुणी मोडला होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

चार महिन्यांनी बाई छापखान्यात आल्या. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. ताईच्या समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी आवाज खाली आणला, अगदी बाकावरच्यासारखा मायेचा. "त्या दिवशी घरी गेल्यावर अक्का काय म्हणाली गं?"

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय टाळतायत ते शोधायची गरज नव्हती. बाई काहीच लपवत नव्हत्या. त्यांना खरोखर गोष्टीतलं पुढचं हवं होतं. तिने आवृत्तीची प्रुफं उचलली आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"तुमचं यापुढे दुसरं कुणीतरी वाचेल," ती म्हणाली, आणि समोरची व्याकरणाची गाईडं ओढून कामाला लागली.