गोल पाठीची गिटार आणि आमचे साडू

जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ सपाट पाठीत आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धारूरला त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान आहे. तिथे भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं आणि पकडी टांगलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध, देवाच्या तसबिरीची जागा असावी तिथे, एक गिटार. पुढून ती चारचौघींसारखी लाकडी, पण मागून पाण्याच्या टाकीसारख्या काळ्या फायबरची आणि अर्ध्या कलिंगडाएवढी फुगीर. शेतकरी जळकी मोटार घेऊन येतो, ती कधी मिळेल म्हणून विचारू लागतो, आणि साडू त्याला स्टुलावर बसवून गिटार खाली काढतात. "तुमी मला चौकोनी रांजण दाखवा. चौकोनी घागर? न्हाई ना? मग गिटारीनंच कावून पाठ सपाट ठिवायची?" शेतकरी म्हणतो, "ते खरं हाय मालक, पण माझा ऊस वाळायलाय." यावर साडू दुःखाने मान हलवतात आणि उसाचा दांडासुद्धा गोलच असतो, हे त्याच्या नजरेस आणून देतात.

तशी त्यांची पहिली गिटार रीतसर सपाट पाठीची होती. तिला आमच्याकडचा उन्हाळा सोसला नाही. दुकानाच्या पत्र्याखाली भर मे महिन्यात तिची पाठ उकलली आणि त्या दिवशी ताटात आमरस असूनही साडूंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नाही, यावरून दुःखाची खोली कळावी. त्यांनी डिंक लावून, वरून मोटारीला लावायचं वॉर्निश फासून ती पाठ बुजवली. त्यानंतर तिच्यातून सुरांबरोबर थोडा पंपाचा वासही येई. पण तिची खरी फजिती झाली ती लिंबागणेशला.

लिंबागणेश ही आमची दोघांची सासुरवाडी. आमचे सासरे तिथल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले, आणि खरं सांगायचं तर मंडळाचे फौजदार. टाळकरी जरा पुढे गेला, पेटीवाला जरा मागे रेंगाळला, की पखवाज न थांबवता ते अशा काही शिव्या घालत की ऐकणाऱ्याला त्याही तालातच वाटत. या मंडळात बसून गिटार वाजवायची, ही साडूंची लग्नापासूनची इच्छा. सासऱ्यांना गिटार मुळीच पटत नव्हती. पण आमच्याकडे जावयाला नाही म्हणता येत नाही, म्हणून एका चतुर्थीला त्यांनी साडूंना पेटीशेजारी जागा दिली. लाऊडस्पीकरच्या मशीनवाल्याने गिटारीसमोर माईक धरला, साडूंनी पहिली तार छेडली, आणि देवळावरच्या कर्ण्यातून अशी किंकाळी फुटली की शिखरावरचे पारवे उडाले, म्हाताऱ्यांनी कानात पदराचे बोळे घातले आणि दारात बांधलेली कुणाची तरी शेळी दावं तोडून पळाली. साडू जितके तारा दाबायला जात, तितका कर्णा जास्त ओरडे.

दुसरं कुणी असतं तर सासऱ्यांनी त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज स्वर्गातून खाली बोलावले असते. साडूंना मात्र ते हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, दमला असाल. च्या घ्या." साडूंना हे फार लागलं.

या अपमानातून साडूंचं संशोधन सुरू झालं. कर्णा का किंचाळतो, हे ते आजही कुणालाही थांबवून समजावतात. "सपाट पाठ लई हळवी असती. कर्ण्यानं हाळी दिली की ती थरथरून ओ देती. ती ओ माईकातून पुन्हा कर्ण्यात जाती, मंग कर्णा दुप्पट वरडतो. सासू-सुनाचं भांडण हाय ते, कुणीच गप बसत न्हाई. गोल पाठ टणक असती, ती सहसा ओ देत न्हाई." पुढे लातूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून त्यांनी ती काळी गिटार मिळवली. तिच्या पोटातच माईक होता. वायर खुपसली की झालं. तिला ऊन बाधत नव्हतं आणि जीपच्या टपावर भाजीच्या कॅरेटांमध्ये दाबून आणली तरी तिचा सूर हलत नव्हता. केजला आमच्या घरी आले की साडू माझ्या मुलांना तिच्या पाठीवर गुद्दे मारायला सांगत आणि स्वतःच्या छातीवर झेलल्यासारखे खूश होत.

अडचण एकच होती. साडूंचं पोट गोल आणि गिटारीची पाठही गोल. मांडी घालून बसलं की दोन गोलांचं जमेना. गिटार हळूहळू घसरे, आभाळाकडे तोंड करून उताणी होई आणि साडू तिच्यावर ओणवे होऊन तारा शोधत बसत. त्यांनी सायकलची ट्यूब बांधून पाहिली, ओला टॉवेल ठेवून पाहिला, एक आठवडा तर रात्रीचं जेवण कमी करून पाहिलं. शेवटी आक्का, म्हणजे त्यांची बायको, वैतागली. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायची कापडाची चुंबळ तिने त्यांच्या मांडीवर टाकली. "घागरीवानी हाय म्हनता ना? मंग घागरीवानी ठिवा की!" गिटार चुंबळीत बसली ती अगदी ठाम. तेव्हापासून साडू कार्यक्रमाला निघाले की आक्का विचारते, "चुंबळ घितली का?"

अशा जय्यत तयारीनिशी ते पुन्हा चतुर्थीला बसले. यावेळी कर्ण्याने ब्र काढला नाही. गिटार पखवाजाशेजारी अशी गोड वाजली की गौळण संपल्यावर बायका आपसात कुजबुजल्या. भजन झालं आणि सासरे उठले, त्यांनी साडूंना कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ ठेवला. मी टाळ्या वाजवल्या. साडूंचा चेहरा मात्र उतरला.

परतीच्या जीपमध्ये ते डोक्यावर ती पांढरी टोपी तशीच ठेवून बसले होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, अहो सत्कार झाला तुमचा!" तर म्हणाले, "टॉवेल-टोपी कुनाला देत्यात? पाव्हण्याला. त्या टाळवाल्याला कधी दिली का? त्याला शिव्या देत्यात. मला एक शिवी दिली न्हाई हो मामांनी. म्या दोन ठिकानी चुकलतो." मला हसू आवरेना. पण त्यांचे डोळे पाहिले आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पुढे प्रत्येक चतुर्थीला हेच. मान, चहा, नारळ. आणि मग गेल्या दिवाळीपासून सासऱ्यांचे कान मिटत गेले. त्यांच्या मुलांनी कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, "ह्यात नुसती भांडी आपटत्यात," आणि डबीत ठेवून दिलं. पखवाज दुसऱ्याकडे दिला, देवळात जाणं सोडलं. एवढा कडक माणूस पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसून शेळ्यांकडे बघत राहू लागला. साडू मला फोनवर म्हणाले, "आता तर ऐकनारच न्हाईत. राह्यलंच ते."

परवा आम्ही दोघे भेटायला गेलो होतो. बोलणं काही होत नव्हतं, म्हणून साडूंनी सवयीने गिटार काढली आणि खाटेच्या कडेला बसून एक जुनी चाल वाजवू लागले. सासरे त्यांच्या बोटांकडे बघत होते. बघता बघता त्यांनी हात पुढे केला आणि तळवा त्या गोल पाठीवर ठेवला. डोळे मिटले. साडू बिचकले, पण वाजवत राहिले. म्हाताऱ्याची दुसऱ्या हाताची बोटं हळूच खाटेच्या माच्यावर ठेका धरू लागली, मग थांबली. कपाळाला आठी पडली.

"पळतूस कावून बे!" ऐकू न येणारी माणसं ओरडतात तसे ते ओरडले. "मागं कुत्रं लागलंय का? गाढवा, पुन्हा धर!"

सासूबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "अवं, जावई हायेत ते!" त्यांचं ऐकणार कोण? सासऱ्यांचा तळवा गिटारीवर तसाच होता. साडूंनी बाहीला डोळे पुसले, "व्हय मामा," म्हणाले, आणि चाल पुन्हा धरली, या वेळी सावकाश. माझ्यासमोर आतून फोडणीच्या चुरमुऱ्यांची बशीभर सुशीला आली, चहा आला, पाव्हण्याला द्यायचा सगळा मान आला. आणि मला साडूंचा इतका हेवा वाटला की चहा तसाच निवला.