पत्रकांच्या घरातलं जाड पुस्तक

आमच्या घरात कुठलाही छापील कागद तळापासून वाचतात. मथळा काय, जाब कुणाला विचारलाय, हे नंतर. आधी तळाची बारीक ओळ: कुणी काढलं, कुठे छापलं. ती ओळ नसेल तर कागद चुलीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घातलेली ही शिस्त. शहाद्याजवळच्या आमच्या गावात अण्णा शेती करतात आणि पत्रकं काढतात. यातलं कुठलं पीक जास्त येतं, हे माय अजून ठरवू शकलेली नाही. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि 'कमळ' वाचायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं.

त्यामुळे कॉम्प्युटर सुरक्षेची परीक्षा द्यायचं ठरलं, तेव्हा अभ्यासाला काय घ्यायचं हा माझ्यासाठी तत्त्वाचा प्रश्न होता.

नोकरी सुरतेच्या एका कंपनीची होती. छोट्या पतपेढ्या, दूधसंघ, दवाखाने यांच्या कॉम्प्युटरवर कुणी डल्ला मारत नाही ना, यावर नजर ठेवायची. काम नंदुरबारला बसून करायचं, अधूनमधून गाडीनं सुरतेला जाऊन तोंड दाखवायचं. साहेबांनी गुजराती वळणाच्या हिंदीत एकच अट घातली: होळीच्या आत सर्टिफिकेट, नाहीतर ती जागा दुसऱ्याची. माझ्या वर्गातली सगळी पोरं पुण्याला गेली होती. मला जायचं नव्हतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फोनवर कुणी गंडवलं तर त्यानं मदतीसाठीसुद्धा पुण्याकडे बघायचं, हे मला पटत नाही. आजही पटत नाही. म्हणजे त्या परीक्षेवर माझं नंदुरबारला राहणं टांगलेलं होतं.

मी तेव्हा मिरचीच्या पथाऱ्यांजवळ एका खोलीत राहत होते. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. सगळं लालभडक, आणि वारा आमच्याकडे वळला की खोलीत नुसत्या शिंका. खोलीत दुसरी होती ती माझी मैत्रीण, तोरणमाळच्या बाजूची, बीएड करणारी. ती घरी पावरी बोलायची, मी अहिराणी. एकमेकींशी आम्ही मराठी बोलायचो आणि भांडण जुंपलं की आपापल्या भाषेत जायचो. त्यामुळे आमची भांडणं फार टिकत नसत.

परीक्षेची बातमी फुटल्याबरोबर कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एकानं फाईल टाकली. तिला डम्प म्हणतात: परीक्षेतले खरे प्रश्न कुणीतरी चोरून आणायचे, उत्तरांसकट वाटायचे, आपण पाठ करायचे. मी सवयीनं शेवटचं पान उघडलं. नाव नाही, गाव नाही. मग मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. चोर ओळखायची परीक्षा आणि आपण तिचाच पेपर चोरायचा? उद्या ज्या पतपेढीत कुणा मजूर बाईचे पैसे आहेत, तिच्या दारावर पाठांतर केलेला पहारेकरी उभा करायचा? असं बरंच. उत्तरादाखल दोन अंगठे आणि एक जोडलेले हात आले.

मैत्रिणीनं ते वाचलं. म्हणाली, "भाषण झकास झालं. आता चहा टाक, आज तुझी पाळी आहे."

मग आलं पुस्तक. पुण्याला गेलेल्या एका सीनियर ताईनं पाठवलेलं, उशाला घेण्याइतकं जाड. लेखकाचं नाव ठसठशीत, छापखान्याचा पत्ता, वर्ष, सगळं जागच्या जागी. वर्ष जुनं होतं, ते मी वाचलंही होतं. पण इथेच आमच्या घराण्याची गोम आहे. आमच्याकडे जुना कागद शिळा होत नाही. गावच्या फाट्यावर लांब पल्ल्याची बस थांबलीच पाहिजे, हे पत्रक माझ्या जन्माआधीचं. अण्णा दरवर्षी तारीख बदलून तेच छापतात आणि त्यातली एकही ओळ अजून खोटी पडलेली नाही. जितकं जुनं तितकं सच्चं, असंच मी शिकले. रविवारी गावी गेले तेव्हा पुस्तक अण्णांना दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून तळ वाचला.

"जाड शे, पन नाव शे," ते म्हणाले. "चाली."

जाड पुस्तक वाचायची मात्र मला सवय नाही. म्हणून मी त्याची पत्रकं केली. एका धड्याचं एक पत्रक, चार घड्यांचं, वर लाल शाईत मथळा, शेवटी घोषणा. 'पासवर्ड सांगणार नाही, सांगू देणार नाही.' 'एका दाराला दोन कुलपं, मिळालीच पाहिजेत.' मी खोलीत येरझारा घालत मोठ्यानं वाचायची आणि मैत्रीण भाजी निवडता निवडता "मिळालीच पाहिजेत" म्हणून साथ द्यायची. खालून घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं की पोरींनो, मोर्चा कधी निघणार आहे.

जानेवारी सरत आली तेव्हा मैत्रिणीचे पाठ सुरू झाले. शाळेत जाऊन वर्गावर शिकवायचं आणि मागं बसलेल्या मॅडमनी गुण द्यायचे. त्या हवेत ती एके दिवशी माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "तुझा अभ्यासक्रम कुठाय?"

मी पुस्तकाकडे बोट दाखवलं.

"ते पुस्तक झालं, बाई. अभ्यासक्रम परीक्षा घेणारा देतो. आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलंय."

तिनंच फोनवर शोधलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं मुद्द्यांची यादी फुकटात ठेवली होती, कुणालाही घ्या म्हणून. वरच्या कोपऱ्यात परीक्षेचा क्रमांक. तिनं तो पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी ताडला, पुन्हा ताडला, आणि मग एकदम गोड आवाजात बोलायला लागली. बातमी वाईट असली की ती गोड बोलते.

"हे बघ, तुझं पुस्तक चांगलंच आहे. पण त्यातली परीक्षा आता बंद झालीय."

क्लाउडबद्दल यादीत पानंच्या पानं होती, माझ्या पुस्तकात नावापुरता उल्लेख. उलट पुस्तकातले दोन धडे यादीतून हद्दपार. मी ज्या पद्धतीची छान घोषणा रचली होती, ती पद्धत आता धोक्याची मानतात असं कळलं. परीक्षेची तारीख घेऊन झाली होती, आणि ती पुढे ढकलली तर होळी उलटत होती. ग्रुपवरच्या त्या मुलाला कुठून वास लागला कोण जाणे. त्यानं फाईल पुन्हा पाठवली, सोबत डोळा मारणारं चित्र. या खेपेला मी ती नुसतीच पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी अण्णा नंदुरबारला आले, फाट्यावरच्या बसच्या यंदाच्या पत्रकाचा छपाईचा दर विचारायला. मायनं दिलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा त्यांच्या पिशवीत होता. मी जेवताना सगळं सांगितलं. पुस्तक पास करण्यात त्यांचाही हात होता, म्हणून मला वाटलं ते वाद घालतील. त्यांनी आधी भाकर संपवली आणि मग ते हसायलाच लागले.

"पोरी, सरकार काम करत नही म्हनीसन मन्हं पत्रक जुनं व्हत नही," ते म्हणाले. "चोर मातर रोज कामले जास."

हात धुऊन ते खाली बसले. म्हणाले, आण ती पत्रकं. मग आम्ही जमिनीवर तीन ढीग घातले: चालणारी, दुरुस्तीची आणि चुलीची. अण्णा एकेक पत्रक उचलून मथळा वाचायचे आणि विचारायचे, "हाई अजून खरं शे का?" मी ते त्यांना अहिराणीत समजावायचं, आणि मैत्रीण यादीत तो मुद्दा आहे का बघायची. मला सांगता आलं आणि यादीत सापडलं, तर चालणारी. सांगताना मी अडखळले की अण्णा कागद सरळ दुरुस्तीच्या ढिगात टाकायचे, आणि ते फार लागायचं. कुलूपबंद निरोप कसा जातो, चावी कुणाकडे असते, हे जुनं पुस्तक अजूनही खरंच सांगत होतं. चुलीचा ढीग भीती होती त्यापेक्षा लहान निघाला. दुरुस्तीचा मात्र चांगलाच उंच.

त्यावरून मग सामान ठरलं. यादी भिंतीवर. दुरुस्तीच्या मुद्द्यांसाठी एका शिक्षकाची मोफत व्हिडिओमाला. माणूस स्वतःच्या नावानं शिकवतो आणि चूक झाली तर खाली तसं लिहितो, म्हणून घेतली. सरावाचे प्रश्न असे, ज्यांत प्रत्येक उत्तराखाली कारण दिलंय. नुसतं उत्तर देणारे बाद. आणि दर शनिवारी फोनवर अण्णांना समजावायची फेरी. एकदा ते पलीकडून म्हणाले की हे क्लाउडचं मला नीट पटलं नाही, परत सांग. परत सांगताना मला कळलं की मलाही पटलेलं नव्हतं.

परीक्षा सुरतेला होती. घड्याळ, पर्स, रुमालसुद्धा बाहेरच्या कपाटात. पहिलाच प्रश्न आगळावेगळा: कुठली वाहतूक आत सोडायची आणि कुठली अडवायची, त्याचे नियम स्क्रीनवर ओढून जागी बसवा. मनातल्या मनात मी ते अण्णांना अहिराणीत सांगत सांगत बसवले. शेवटी उत्तरं जमा केली आणि निकाल येईल म्हणून बघते, तर मशीन मलाच विचारू लागलं की परीक्षा केंद्र कसं वाटलं, अभ्यास कशावरून केलात. दिलेल्या पर्यायांत 'वडील' नव्हते. मी 'इतर' निवडलं. मग निकाल आला. पास.

परतीच्या गाडीत मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "ठीक. आता आमच्याकडे भोंगऱ्याला चल, आणि रिकाम्या हातानं येऊ नकोस."

भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा डोंगरातला मोठा बाजार. कामाला गुजरातेत गेलेली माणसंसुद्धा त्याला परततात. त्यांच्यासाठी मी पत्रक लिहिलं: ओटीपी कुणालाच का द्यायचा नाही, बँकेचा म्हणून फोन आला तर काय करायचं. मैत्रिणीनं पावरीत करून दिलं. तळाशी दोघींची नावं, छापखाना, आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'हे पत्रक येत्या दिवाळीपर्यंतच खरं. पुढे नवं मागून घ्या.'

छापखानेवाले काका म्हणाले, पत्रकावर औषधाच्या बाटलीसारखी तारीख टाकणारी तू पहिलीच. अण्णा तिथेच त्यांच्या बसच्या पत्रकाचं प्रूफ बघत होते. त्यांनी माझी ओळ वाचली, पेन काढलं, आणि आपल्या कागदाच्या तळाशी, छापखान्याच्या नावाखाली, स्वतःच्या हातानं लिहिलं: 'बस थांबेपर्यंत खरं.'