चांदा ते अहेरी, देवी आलेल्या बाईसोबत

आलापल्लीचं सागवान बघायला निघालेली मंडळी मला विचारतात, अहेरीचा रस्ता कसा आहे? आताचा रस्ता मला ठाऊक नाही. मी गेले ते पन्नासच्या दशकात, चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत तेव्हा. दादा अहेरीला जंगल खात्यात कारकून होता. वहिनीचे दिवस भरत आले होते, तिथे जवळचं बाईमाणूस कुणी नव्हतं आणि आमच्या वर्ध्याच्या घरातून निघण्यासारखी मीच होते. शाळा संपली होती, लग्न ठरायचं होतं.

वडील चांद्यापर्यंत आगगाडीने सोडायला आले. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. आष्टीच्या घाटापर्यंत एक मोटार, मग नाव, मग पलीकडे दुसरी मोटार. पलीकडच्या मोटारीचे चालक करीमभाई कामानिमित्त चांद्याला आले होते, त्यांच्याच हवाली वडिलांनी मला केलं. "पोरगी एकटी आहे, लक्ष असू द्या," एवढंच ते म्हणाले. करीमभाईंनी मान डोलावली, पण पुढे नावेत बसेपर्यंत ते दर थोड्या वेळाने मागे वळून मी आहे ना ते बघत होते.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. घाटावर एका झोपडीत चहा आणि फुटाणे मिळाले. भाकरी मात्र घरूनच न्यावी लागे. पलीकडच्या मोटारीत माझ्या शेजारी एक माझ्याच वयाची बाई येऊन बसली. पदर नाकापर्यंत ओढलेला, अंग तव्यासारखं तापलेलं. नाव कौसल्या. सासूने नावेत बसवून दिलं, माहेरी चालले, एवढंच ती बोलली. मी वहिनीसाठी नेत असलेलं डिंकाच्या लाडवांचं गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आष्टी सोडलं की जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. रस्ता म्हणजे मुरूम आणि खड्डे. अशाच एका दणक्याने कौसल्याचा पदर खाली आला. समोरच्या बाकावर हिरालालशेठ होते, अहेरीच्या बाजारात मीठ आणि कापड विकणारे. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि ते उभेच राहिले. कपाळापासून गळ्यापर्यंत फोड भरले होते.

देवी. शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही, पण मोटारीतली माणसं पत्र्याला चिकटली. माझ्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचे वण होते. मी ते चाचपून पाहिले, आणि तरी तिच्यापासून सरकून बसले. मी थेट बाळंतिणीच्या घरी जात होते.

करीमभाईंनी मोटार थांबवली. शेठ म्हणाले, हिला उतरवा. बाकीच्यांनी पाय आखडून तिला वाट करून दिली, म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही. कौसल्या कुणाकडे न बघता स्वतःच उठायला लागली. ते बघवेना, आणि तिला बस म्हणायला तोंडही उघडेना.

करीमभाई खाली उतरून बॉनेटला टेकून उभे राहिले. त्यांनाही भीती होतीच. अहेरीत देवी करीमभाईंच्या मोटारीने आल्या असं झालं असतं, तर पुन्हा त्यात कुणी बसलं नसतं. मग ते शेठला म्हणाले, "शेठ, माही मोटार बंद पडते तवा धक्का माराले ह्याच रस्त्यावरच्या गावचे लोक येते. आज हिले जंगलात टाकून गेलो, तं उद्या मले कोन पानी देईन?"

शेठ बाकावर बसले. पुढच्या गावापर्यंत तिला न्यायचं ठरलं. मागचा बाक तिच्यासाठी रिकामा केला आणि आम्ही सगळे पुढे दाटीवाटीने बसलो.

ते गोंडांचं लहानसं गाव होतं. वेशीवरच पाटील आडवे आले, लालसू त्यांचं नाव. मोटार अशी अवेळी थांबली म्हणताच माणसं जमली होती. करीमभाईंनी काही लपवलं नाही. लालसू पाटलांनी आपल्या माणसांशी गोंडीत बराच वेळ बोलणं केलं. आवाज चढले, बायांनी लेकरं उचलून घरात नेली. इथून नकार आला, तर पुढे काय?

शेवटी पाटील मराठीत म्हणाले, "गावात नाई घेत. आमची लेकरं हायेत. पन सीमेवर मराले बी नाई सोडत."

त्यांनी तोड काढली. वेशीबाहेर मोहाखाली मांडव घालायचा. पाटलांच्या म्हाताऱ्या आईला पूर्वी देवी येऊन गेल्या होत्या, तिचा चेहरा वणांनी भरलेला होता. एकदा येऊन गेलेल्या देवी पुन्हा येत नाहीत, म्हणून ती कौसल्याजवळ राहील. बदल्यात शेठने गावाला मीठ द्यायचं आणि अहेरीच्या दवाखान्यातून देवी टोचणारा माणूस इकडे पाठवायचा. नाहीतर या मोटारीत कोण होतं ते पुढच्या गावांना आजच कळेल, आणि शेठच्या मालाला बाजारात कुणी हात लावणार नाही.

शेठचा चेहरा पडला. त्यांनी मिठाचं पोतं उतरवलं, कुरकुरत. मग परत मोटारीत चढले, आपल्या वळकटीतली घोंगडी ओढून काढली आणि मांडवाजवळ नेऊन ठेवली. ती कुणी मागितली नव्हती. ठेवताना नाकाला उपरणं लावलेलं होतं आणि ते पळतच मागे आले.

मी गाठोडं सोडून अर्धे लाडू म्हातारीच्या पुढ्यात ठेवले. सगळे द्यावेसे वाटले, पण नाही दिले.

अहेरीत मी दादाला दुरूनच सगळं सांगितलं. त्याने मला अंगणापलीकडच्या रिकाम्या खोलीत ठेवलं. जेवणाचं ताट दगडावर ठेवून तो मागे सरे. रोज सकाळी उठल्याबरोबर मी हातपाय उलटसुलट करून बघत असे. डास चावला तरी ती जागा दहादा बघे. याच दिवसांत वहिनी बाळंत झाली. जिच्यासाठी मी एवढं जंगल ओलांडून आले, तिच्या कळा मी भिंतीपलीकडून ऐकल्या. गावातली सुईण होती, मुलगी सुखरूप झाली. मला ती बऱ्याच उशिरा हातात मिळाली, अंगावर एक पुरळही उठत नाही अशी खात्री पटल्यावर.

दादाकडून कळलं की शेठ पोचल्या दिवशीच दवाखान्यात जाऊन बसले होते. माणूस निघेपर्यंत हलले नाहीत. बाजार चालू राहायला हवा होता त्यांना. कौसल्याचं कसं आहे, हेही त्यांनी परतलेल्या माणसाला विचारलं म्हणे.

परतीच्या वाटेवर करीमभाईंनी त्याच गावाशी मोटार थांबवली. मांडव मोडून जाळला होता. कौसल्या बरी होऊन पायीच माहेरी गेली होती. चेहऱ्यावर वण राहिले, डोळे वाचले. गावात दुसऱ्या कुणाला देवी आल्या नाहीत. म्हातारी दारात मोहफुलं वाळवत होती. तुम्ही का राहिलात तिच्याजवळ, असं मी विचारलं.

"मले बी कोनी तरी पाह्यलंच होतं ना बाई," ती म्हणाली. मग फुलं पसरत तिने पुढचं सांगितलं, "अन् इथी मेली असती, तं तिच्या भुतानं आमालेच तरास देला असता." आणि ती मनापासून हसली. दोन्ही कारणं तिने सारख्याच आवाजात सांगितली होती.

त्या रस्त्याने जाणार असाल तर सागवान बघाच. पण वाटेतल्या एखाद्या गावात थांबून पाणीही मागा. लोक देतात. का देतात, याचा मी वर्ध्याच्या गाडीत बसून खूप विचार केला. कुणी निव्वळ दयेने वागलं, असं मला एकाही माणसाबद्दल म्हणता येईना. निव्वळ स्वार्थाने, असंही म्हणता येईना. तेवढ्यावर एका बाईचा जीव मात्र वाचला.

घरी पोचले तर दादाच्या पत्राने सगळं आधीच कळलेलं होतं. आईने मला दारातच अडवलं. न्हाणीघराबाहेर कढत पाणी ठेवलेलं, अंगावरचे कपडे उकळायला वेगळं पातेलं. धाकटी भावंडं घरात होती, म्हणून आणखी काही दिवस मी बाहेरच्या खोलीत झोपायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. मला राग आला. मी जेवले नाही.

आईने उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आपलं अंथरूण घातलं. उंबरा तिने ओलांडला नाही, आणि दारही लावलं नाही.