शेवटच्या नंबरची बीसी

पायल गजभिये धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते. वय पंचविशीच्या आसपास. बरोबरीच्या मुली पगार झाला की बर्डीवर खरेदीला जातात. पायल बर्डीवरून जाताना दुकानांकडे मान वळवत नाही. ऑटोऐवजी पायी, बाहेरच्या समोशाऐवजी डब्यातली पोळी-भाजी, आणि चौदा एप्रिलला घेतलेला ड्रेस पुढच्या चौदा एप्रिलपर्यंत.

आई अंजनाबाई तिच्यासोबत इंदोरा वस्तीत भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकांच्या मर्जीने आजवर इतक्या खोल्या बदलल्या की अर्धी भांडी पोत्यातच ठेवायची त्यांना सवय जडली होती. पायलला शहराबाहेर बेशाला एक बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा होता. बुकिंगचे एक लाख भरले की बाकीचं कर्ज बँक देणार होती, आणि ते लाख ती बीसीत उभे करत होती.

बीसी म्हणजे भिशीच, पण लिलावाची. वीस जण महिन्याला पाच-पाच हजार घालतात. ज्याला नड असते तो बोली लावतो; जास्तीत जास्त रक्कम सोडेल तो बीसी उचलतो. पंधरा हजार सोडले तर हातात पंच्याऐंशी पडतात, आणि सोडलेले पंधरा बाकीच्यांत वाटले जातात. जो थांबतो त्याचा फायदा. जो शेवटपर्यंत थांबतो त्याला पूर्ण लाख. बी.कॉम. झालेल्या पायलने पहिल्याच बैठकीत शेवटचा नंबर आपला असं सांगून टाकलं.

बीसी चालवायच्या प्रेमिलाबाई. पेशंटच्या नातेवाइकांना त्या डबे पुरवत. “शहाणी आहेस वं पायल,” त्या म्हणाल्या. “नडलेला उचलते, शहाणा थांबते.”

सव्वा वर्ष सगळं सुरळीत चाललं. औषधाच्या दुकानातल्या विक्कीने दुसऱ्याच महिन्यात बीसी उचलून मोटरसायकल घेतली. मग तो बैठकीला येईनासा झाला, हप्ता कोणाच्या तरी हाती पाठवू लागला. एक दिवस दुकानात त्याच्या जागी दुसराच माणूस दिसला. विक्की पुण्याला गेला होता.

पायल तडक प्रेमिलाबाईंकडे गेली. त्या कणीक मळत होत्या.

“त्याचा हप्ता मी भरून राहिली न. तू काहून घाबरून राहिली?” मान वर न करता त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे, जिथे मोठा फ्रिज असायचा, तिथे फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता.

घरी अंजनाबाईंनी ऐकून घेतलं. “उचलून घे.”

“आत्ता उचलली तर वीस हजार तरी सोडावे लागतील, आई.”

“जाऊ दे न मंग. आपण का पहिल्यांदा काही सोडून राहिलो?”

पायलने मनात हिशेब मांडला. वीस हजार म्हणजे दोन उन्हाळे पायी चालणं होतं. तिने आणखी एक महिना थांबायचं ठरवलं. हिशेब बरोबरच होता; फक्त उचलून गेलेली माणसं पुढेही पैसे भरतील, हे तिने त्यात धरून ठेवलं होतं.

पुढच्या बैठकीला ती ठरवून गेली: काही होवो, आज उचलायची. बिल्डरने बुकिंगची मुदत अचानक शनिवारवर आणली होती, पण निम्मे भरले तरी तो फ्लॅट राखून ठेवणार होता. प्रेमिलाबाईंच्या दाराशी दोनच चपलांचे जोड होते. आत पायलच्याच दवाखान्यातले वॉर्डबॉय देवराव आणि लतिका सिस्टर. पायल धरून बीसी न उचललेले हे तिघंच उरले होते; उचललेल्यांपैकी कोणी आलं नव्हतं. एरवी असे थांबणारे लोक उरले की बोली लागतच नाही. ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ अशी थट्टा चालते.

“वीस सोडले,” देवराव बसल्या बसल्या म्हणाले.

“पंचवीस,” लतिका सिस्टर.

“तीस,” पायल म्हणाली. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

“पस्तीस.”

“चाळीस.”

“पन्नास,” पायल म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला.

“पायलची,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी स्टीलच्या थाळीत स्वतःचा हप्ता ठेवला आणि रीतीप्रमाणे थाळी फिरवायला दिली. देवरावांनी खिशावर हात ठेवला. “आधी बाकीचे येऊ द्या न, बाई.” लतिका सिस्टरनी थाळी नुसतीच पुढे सरकवली.

“उचल,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “बाकीचे मी आणून देईन.”

थाळीतलं उचललं की पाळी संपते, मग मागायला तोंड उरत नाही. दोघंही पायलच्या हाताकडे पाहत होते. तिने हात मागे घेतला आणि ती उठली.

“चप्पल घाला, मावशी. आपण दोघी घरोघरी जाऊ. आत्ताच.”

प्रेमिलाबाई बसूनच राहिल्या. “कोणाच्या घरी जातं? सगळ्यांच्या दारी जाऊन आली मी. अर्धे कड्याच काढत नाहीत.”

 मग देवरावांनी थाळी हळूच स्वतःकडे ओढली.

“मंग हे तरी तिघांत वाटून टाका,” ते म्हणाले, आणि नोटा मोजू लागले.