कापूस परत करणारे पिंजारी चाचा

इंदापूरच्या आमच्या पिंजारी चाचांइतका स्वतःच्या धंद्याचा पद्धतशीर शत्रू माझ्या पाहण्यात नाही. गादी करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी विचारत, "घरात निजणारी माणसं किती, अन् गाद्या किती?" दुसरा आकडा मोठा निघाला की गिऱ्हाईक चहा पिऊन परत. जुन्या गादीचा कापूस पिंजून भरताना मूठभर उरला, तर तोही पिशवीत बांधून घरपोच देत. कालवा तुडुंब वाहत असला तरी नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची वजू एका लहान तांब्यात उरके. मी एकदा मोजपात्र नेऊन मोजले. पाऊण लिटरही भरले नाही.

"नदीकाठी बसलं तरी पानी सांडायचं न्हाय, बेटा. उधळपट्टी अल्लाला आवडत न्हाय."

"पण लोकांनी उधळपट्टी केली नाही, तर तुमचं दुकान चालेल कसं?"

"चालतंय कुठं?"

खरोखरच चालत नव्हते. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजायचे यंत्र बहुधा बंदच असे, आणि दिवाळीपर्यंत काम मिळाले नाही तर ते विकायचे, असे त्यांच्या घरात ठरले होते. मी बारामतीच्या ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्याच्या वसतिगृहाला साठ नव्या गाद्या हव्या होत्या. अधीक्षिकांचे मन वळवून मी ते काम चाचांना मिळवून दिले आणि एकच चूक केली: पलंगांची मापे घ्यायला त्यांना स्वतःला पाठवले. मापे राहिली बाजूला. चाचा जुन्या गाद्या उसवत बसले.

"ताई, कापूस अजून जित्ता हाय," त्यांनी अधीक्षिकांना सांगितले. "पिंजून देतो. नव्या सातच लागतील."

"मुलींना नवं हवंय, चाचा. जुन्यावर कोण झोपणार?"

दुसऱ्या दिवशी साठही गाद्या फोमच्या मागवल्या गेल्या.

मी तावातावाने इंदापूर गाठले. "खोटं बोला असं कुणी म्हटलं नव्हतं. नुसते गप्प बसला असता तरी यंत्र वाचलं असतं."

"चांगला कापूस उकिरड्यावर जाताना गप बसू व्हय? रागाव तू. पर त्या जुन्या गाद्या तेवढ्या मिळवून दे."

मी मिळवून दिल्या. यंत्र पंधरा दिवस अखंड फिरले, आणि त्या गाद्या सोमेश्वरनगरला ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांत फुकट पोहोचल्या. दिवाळीनंतर यंत्र न्यायला टेंपो आला. चाचांनी तो थांबवला आणि ते यंत्राच्या दात्यांत अडकलेला कापूस बोटांनी काढू लागले.

"चाचा, आता साफ कशाला करताय? भंगारातच जायचंय ते," टेंपोवाला म्हणाला.

चाचांनी मूठ माझ्यापुढे उघडली. "तान्ह्या लेकराची उशी हुईल बघ एवढ्यात."

टेंपो निघून गेला, तरी ते दारात उभे राहून त्या कापसातली काडी काडी वेचत होते. एवढ्याने उशी भरणार नाही, हे मला नजरेच्या अंदाजानेही कळत होते. मी सांगितले नाही.