दारावरचा ससाणा

रास अल खैमातल्या जबेल जैस डोंगरावर जायचं ठरलं तेव्हाच मी म्हटलं होतं, डबे घ्या, पाणी घ्या, मिरवणं नको. पण ऐकतो कोण! आमचं कुलसंमेलन होतं. अमिरातीत विखुरलेली एकाच आडनावाची सात कुटुंबं डोंगरावर भेटणार होती आणि शारजातल्या रोल्लात राहणाऱ्या माझ्या दिरांनी, संदेशभावजींनी, खास 'घराण्याचं चिन्ह' बनवलं होतं. ढाल, दोन सिंह आणि मधोमध सोनेरी ससाणा. खरं तर आमचं देवक कळंब. लग्नात त्याची डहाळी पुजतो, ते झाड तोडत नाही. "वहिनी, पानाला काय रुबाब?" म्हणत भावजींनी बाकी गाड्यांसारखाच आमच्याही गाडीच्या दारावर स्टिकर चिकटवलासुद्धा.

सकाळी सहाला नितीन, मी आणि आमची आर्या अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो. रास अल खैमापर्यंत सव्वादोन तास, रस्ता झकास. घाट चढण्याआधीच पेट्रोल भरा. पंपावर कडक चहा दोन दिरहम, म्हणजे जवळपास पन्नास रुपये.

चहावाले काका चिपळूणचे निघाले. आमचं दार बघून त्यांचा चेहरा उतरला. "ताई, हा पक्षी इथल्या सरकारी चिन्हातला वाटतो. काढा लगेच, केस होते."

पुढच्याच आठवड्यात नितीनचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. केस झाली तर नोकरी, घर, आर्याची शाळा, सगळंच गुंडाळावं लागलं असतं. मी नखांनी खरवडू लागले. सिंह निघाले, ससाणा निघेना. तेवढ्यात पोलिसांची गाडी पंपावर वळली.

अधिकारी तरुण होता. "ये क्या है?"

नितीन घाईने आमची ओळखपत्राची कार्डं काढू लागला. मीच म्हटलं, "खानदान का निशान, सर. गलती हो गई."

"तुम्हारे खानदान में ये पक्षी है?"

"नहीं सर. एक पेड है."

"तो पेड क्यों नहीं लगाया?"

पानाची लाज वाटली, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आमची कार्डं घेऊन तो गाडीत बसला. ती दहा मिनिटं मी देवाचं नाव घेत होते. मग तो परतला, कार्डं दिली. "निकालो. अभी." काकांनी गरम पाणी आणलं. शेवटचा तुकडा सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता. "खलास. यल्ला." म्हणजे झालं, निघा.

भावजींना तिथूनच फोन करून सगळ्या गाड्यांवरचे स्टिकर काढायला लावले. डोंगर सुंदर आहे म्हणतात. मी आरशात मागची गाडीच बघत होते.

व्हिसा झाला. त्या संध्याकाळी आर्याने विचारलं, "मम्मा, व्हॉट डज अवर ट्री लुक लाइक?" मी मोबाइलवर फोटो शोधले. तीन-चार वेगवेगळी झाडं आली. त्यातलं आमचं कुठलं, हे मला सांगता येईना आणि नितीनलाही.