न घसरलेला उतार

आमच्या आंजीत उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं, आणि या गावचा मी, खुशाल, फौजेत बर्फ तपासतो. डोंगराचा कुठला उतार कधी घसरेल हे सांगायचं. शेजारचे अण्णाजी अजून विचारतात, "काऊन रे, तिकडं बर्फाची फॅक्टरी हाय का?" मी हो म्हणतो. खरं सांगितलं तर त्यांना वाटेल, सरकार मला खड्डे खणायचा पगार देतं. त्यात खोटं काहीच नाही.

खड्डाच खणतो मी, बर्फात छातीएवढा, आणि थर बघतो. या हिवाळ्यात वर वाऱ्याने दाबलेला टणक थर होता अन् त्याखाली साखरेसारखा सुटा दाणा. बर्फाचा एक खांब मोकळा कापला, वर फावडं ठेवून थापा मारल्या. दोन-चार थापांतच वरचा थर निसटून माझ्या बुटांवर आला. चौकीत सांगितलं, हा उतार कोणी ओलांडायचा नाही.

ओलांडायचं होतं चौकीतल्याच वैभवला, आमच्याकडच्या देवळीच्या पोराला. रजा मंजूर, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि खाली उतरायची वाट तेवढी एकच.

"भाऊ, नवरदेवाचा कान मले पिळायचा हाय. पळतच पार करतो."

"नाई," मी म्हटलं. त्याने बोलणंच टाकलं.

मग मी रोज सकाळी त्या उताराकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, पड की रे बाबा एकदाचा! निदान माझी अब्रू तरी वाचेल. पण तो ढिम्म. लग्न लागून गेलं. पुढे थर बसले, मी वाट खुली केली आणि पहिली तुकडी गाणी म्हणत पार झाली. मला 'ज्योतिषी' हे नाव पडलं. वैभव मात्र रजेवर गेलाच नाही. "आता कायले जाऊ?" म्हणाला.

माझी रजा आली तेव्हा देवळीला त्याच्या आईकडे, कुंताबाईंकडे, जाणं भाग होतं. बायकोने, उज्वलाने, बजावलं, "शिव्या खाऊन घेजा, पण वाद नोका घालू." मी पेढ्यांचा पुडा छातीशी धरून गेलो, ढाल धरावी तसा.

कुंताबाईंनी चहा ठेवला. "कान चुलतभावानं पिळला. आमची पोरगी शालू मांडवात लय रडली," त्या म्हणाल्या. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मग त्यांनी मला नको होतं नेमकं तेच विचारलं.

"मंग, पडला का तो बर्फ?"

पडला, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाई काकू. पडलाच नाई."

त्यांनी चहा कपात गाळला.

"पोरगा त्याच्यावर असता अन् पडला असता," त्या म्हणाल्या, "तं आज तुम्ही चहाले नसते आले, भाऊ. सांगाले आले असते."

मला एकदम रडू फुटलं. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"घ्या, थंडा होऊन राह्यला."